नसलेल्या बोटांचं माप

सकाळी गच्चीवर गेले तर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळे, हलके, वळलेले तंतू पडलेले. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला तर! बारामतीत आम्ही राहतो त्या भागात आता उसाचं एक कांडं दिसत नाही, पण धुराड्यातून निघालेली ही काजळी दर वर्षी न चुकता वाट काढत येते. चिमटीत धरायला गेलं की तिचं काही उरत नाही, बोटाला फक्त काळं लागतं. आता वारा फिरला की मळीचा वास येईल. गोड आणि कुजका, दोन्ही एकदम. नवीन माणसं नाकाला पदर लावतात. मला मात्र त्या वासासरशी नव्वदच्या दशकातला एक हंगाम आठवतो, आणि मी उगाचच हातातलं काम थांबवून कानोसा घेते.

आमचं गाव सणसर. बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्यालाच लागतं. घर मात्र गावात नव्हतं, रानात होतं, तिन्ही बाजूंनी ऊस. उसातल्या घराची एक गोष्ट बाहेरच्याला सांगून कळत नाही. पावसाळा सरेपर्यंत ऊस इतका वाढतो की घराला क्षितिजच राहत नाही. अंगणाच्या कडेला हिरवी भिंत आणि तिच्या आत सतत काहीतरी सळसळणारं. वारा असला तर वारा म्हणायचं, नसला तर काही म्हणायचं नाही. मग कधीतरी तोडणीची टोळी येते आणि बघता बघता घर उघडं पडतं. लांबचा रस्ता, त्यावरची एसटी, पलीकडच्या वस्तीवरचं धुणं, सगळं एकदम दिसायला लागतं. लहानपणी मला त्या दिवशी कुणीतरी अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी श्रावणात माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मधलं आणि त्याच्या शेजारचं, अनामिका. गुरांची वैरण बारीक करायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत. मी मक्याची ओली वैरण आत सारत होते, एक लांब पात हाताला गुंडाळली गेली आणि हात तिच्याबरोबर आत ओढला गेला. दुखलं नाही. आधी आवाज बदलला. मोटरीचा एकसुरी आवाज क्षणभर जड झाला आणि पुन्हा मोकळा झाला. काय झालं ते मला त्या आवाजावरून कळलं.

मी गिटार वाजवायचे हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. बारामतीला कॉलेजात असताना शिकले आणि विलासदादांच्या ऑर्केस्ट्रात जाऊ लागले. लग्नं, यात्रा, गणपती, कॉलेजची स्नेहसंमेलनं. मुलगी इलेक्ट्रिक गिटार वाजवते हे बघायला माणसं स्टेजच्या कडेला येऊन उभी राहायची. आईला ते पसंत नव्हतं. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, होतं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. तात्यांनी शेती धरली, कारखान्याचे सभासद झाले, पण गावच्या यात्रेत ढोल गळ्यात घालायचं सोडलं नाही. प्रत्येक कार्यक्रमाला ते स्टेजमागे खुर्ची टाकून बसायचे आणि संपला की मला घेऊन घरी यायचे. येताना एवढंच म्हणायचे, "आज बरं वाजलं." किंवा, "आज मन नव्हतं तुझं."

गिटार डाव्या हाताच्या बोटांनी दाबायची असते आणि उजव्या हातानं छेडायची. माझी दाबायची बोटंच गेली. अंगठा, तर्जनी आणि करंगळी उरली. त्यांच्यात छेडायची पट्टी धरता आली असती, पण मग सगळं उलटं करायला हवं. गिटार उलट्या हाताची, तारा उलट्या क्रमानं, आणि उजव्या हातानं पहिल्यापासून दाबायला शिकायचं. अशी गिटार दुकानात मिळत नव्हती. "करून घ्यावी लागंल," विलासदादा म्हणाले, आणि माझ्या जागी एका मुलाला कीबोर्डवर घेतलं.

पण आणखी एक गोष्ट होती, जी मी फक्त डॉक्टरांना आणि आईला सांगितली होती. बोटं गेली नव्हती. डोळे मिटले की ती होती, पाचही. फक्त ती दोन आत वळून तळव्यात घट्ट रुतलेली असत, उघडता येत नसत, आणि दिवे लागायच्या सुमाराला त्यांची नखं तळव्यात घुसल्यासारखा हात ठणकायचा. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. जाईल हळूहळू." आई संध्याकाळी तेल लावून हात चोळायची. एकदा मी तिच्याकडे बघत होते. तिचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडे होतं, आणि तिचा हात माझ्या तुटक्या बोटांपाशी न थांबता पुढे, जिथे काही नव्हतं तिथवर चोळत जात होता.

हंगाम सुरू झाला त्याच दिवसांत तात्यांना कुणीतरी इंदापूरच्या मुकुंदरावांचं नाव सांगितलं. मुंबईत गिटारी बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं काम केलेला माणूस. तो कारखाना बंद पडल्यावर गावी येऊन दारं-खिडक्या करायचा, आणि कुणी सांगितली तर गिटार. आम्ही एसटीनं गेलो. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या, घुंगरांचा आवाज आणि ती काजळी. मुकुंदरावांचं घर गावाबाहेर, धरणाचं मागे पसरलेलं पाणी दिसतं अशा माळावर होतं. पाणी एवढं मोठं, पण त्याचा आवाज काहीच नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये आडव्या वाशाला तारेनं गिटारी लटकवलेल्या होत्या. काहींना मान होती, काहींना अजून नव्हती. दारातून वारा आला की त्या एकमेकींकडे वळायच्या आणि पुन्हा पाठ फिरवायच्या.

मुकुंदराव जाडजूड, बोलका माणूस. गूढ असं त्यांच्यात काही नव्हतं. चहा मागवला, उसाच्या वजनाची चौकशी केली. तात्यांनी नीट समजावून सांगितलं, "पोरीच्या डाव्या हाताला इजा झालीया. तवा उजव्यानं दाबायची आन् डाव्यानं छेडायची, अशी उलटी करून पायजे."

"व्हय, करू की," ते म्हणाले आणि त्यांनी सागवानाची रंधलेली फळी पुढ्यात ठेवली. माझा उजवा हात त्यावर ठेवून कानामागच्या पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली. मग म्हणाले, "आता डावा."

"डाव्याचं माप कशाला?" मी विचारलं.

"दोनी हातांचं घ्यावं लागतं, ताई."

मी हात ठेवला. पेन्सिल अंगठ्यावरून गेली, तर्जनीवरून गेली आणि मधल्या बोटाच्या थोटकापाशी थांबली. मुकुंदरावांचं बोलणंही थांबलं.

"डोळं झाका," ते म्हणाले. "कशी हायेत ती?"

मी डोळे झाकले. मग माझ्या तोंडून निघालं, "मुठीत हायेत. आत वळलीत."

"सरळ करून बघा."

"न्हाय येत."

"सावकाश. आपल्याला कुठं जायचंय?"

किती वेळ गेला ठाऊक नाही. बाहेर कोंबड्या उकरत होत्या. आणि मग एखादी गंजलेली कडी निघावी तशी ती बोटं सैल झाली. मला त्यांच्या टोकांखाली लाकूड लागलं. गार आणि गुळगुळीत. पेन्सिलीची खरखर पुन्हा सुरू झाली, वर गेली, वळली, खाली आली. डोळे उघडले तेव्हा फळीवर माझा पुरा हात होता. मधलं बोट सगळ्यांत लांब. आणि अनामिकेचं टोक किंचित बाहेर झुकलेलं. लहानपणी बैलगाडीच्या साटीवरून पडले तेव्हा ते मोडलं होतं आणि तसंच वाकडं जुळलं होतं. हे मी मुकुंदरावांना सांगितलेलं नव्हतं. तात्यांनी फळीकडे बघितलं आणि तोंड फिरवून ते पाण्याकडे बघत राहिले.

मापानं करून घेतलेल्या वस्तूची वाट बघणं वेगळंच असतं. दुकानातली वस्तू आपण आल्यावर पसंत करतो. ही आधीच पसंत असते, यायची तेवढी बाकी असते. मी रोज तिला मनात घडवत होते. काळीभोर, चकाकणारी, उलटी. आरशातल्या बाईनं धरावी तशी ती मी धरणार होते. तिच्यासाठी मी उजव्या हाताला सवय लावत होते. ताटाच्या काठावर, एसटीच्या दांडीवर, आईच्या पाठीवरसुद्धा बोटं दाबून बघायचे. आमच्या पूर्वेकडच्या रानात टोळी आली, ऊस पडला, पाचट पेटवलं. राखेत उभी राहिलेली काळी बुडखं मोजल्यासारखी एका ओळीत दिसायची. हात संध्याकाळी ठणकतच होता. मला वाटायचं, गिटार आली की थांबेल.

माघात निरोप आला. आम्ही गेलो. मुकुंदरावांनी कापड बाजूला केलं आणि मी बघतच राहिले. ती काळी नव्हती. मधाच्या रंगाची होती, लाकडाच्या रेषा जिवंत दिसाव्यात अशी. आणि ती उलटी नव्हती. साधी, सरळ, जगात सगळे वाजवतात तशी होती.

"आवो मुकुंदराव," तात्यांचा आवाज चढला, "उलटी सांगितली हुती आमी!"

त्या माणसाच्या चेहऱ्यावर खरंच काही न कळल्याचे भाव होते. "उलटी कशापायी? हात तर पुरा हाय हिचा."

"डोळं हायेत का न्हाईत तुमाला?"

"माप घेतलंय मी, रामराव," ते तात्यांना म्हणाले. " पेन्सिल अडत हुती माझी." ते माझ्याकडे वळले. "तुमी सांगा ताई. लाकूड लागलं हुतं का न्हाय?"

दारात त्यांची बायको उभी होती, पिठाचे हात तसेच. ती पहिल्यांदाच बोलली. "घेऊन जावा. न्हायच जमलं तर परत आणा." बोलताना तिनं माझ्या हाताकडे बघायचं टाळलं.

परत येताना गिटार आमच्या दोघांच्या मध्ये होती, मांडीवर झोपलेल्या पोरासारखी. मला रडू येत होतं. इतके महिने ज्या वस्तूची वाट बघितली ती दुसऱ्याच कुणाच्या मापाची निघाली होती, आणि वाईट हे की ती दुसरी मीच होते, श्रावणाआधीची.

त्या संध्याकाळी वीज गेलेली. मी ओट्यावर बसले आणि निव्वळ रागानं गिटार मांडीवर घेतली, जुन्याच पद्धतीनं. डावा हात मानेवर गेला. मान माझ्या तळव्यात अशी बसली की मला दचकल्यासारखं झालं. आणि मुठीत वळलेली ती दोन बोटं उघडली. आपणहून. एक इथे, एक तिथे, तारांवर जाऊन टेकली. तार रुतल्याची बारीक कळ मला त्यांच्या टोकांना जाणवली. ठणका थांबला. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हात माझा झाला. उजव्या हातानं मी तारा छेडल्या. विजेशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तो केवढा! शेजारी बसलेल्यालाच ऐकू यावा एवढा. मला सूर पुरा वाटला, पण वाटण्याचं काय.

थोड्या वेळानं आई गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन आली. "लई दिसांनी पयल्यागत वाजवलंस," ती म्हणाली.

गोठा घराच्या पार मागे होता.

दोन-चार दिवसांनी मी गिटार घेऊन विलासदादांच्या तालमीला गेले. केवढ्या आनंदानं गेले. वायर जोडली, अॅम्प्लिफायर लागला, आणि स्पीकरमधून आली ती नुसती खरखर. मोकळ्या तारांची भणभण. "शैला, तार दबतच न्हाय गं," विलासदादा हळूच म्हणाले. मी खाली बघितलं. अंगठा, तर्जनी, करंगळी आणि मधली फट. सगळे जण त्या फटीकडे बघत होते. पण मी दाबत होते. शपथेवर सांगते, मी दाबत होते.

म्हणजे विजेवर चालायची ती गिटार वीज नसतानाच वाजत होती, आणि ती फक्त आमच्या घरात. लोक काय म्हणतील याची मला पर्वा राहिली नाही. संध्याकाळ कधी होते याची मी वाट बघू लागले. गिटार घेतली की ठणका जायचा, ठेवली की यायचा. जेवण राहायचं, अभ्यास राहायचा. उजव्या हाताचा सराव मी सोडूनच दिला. मैत्रिणी आल्या तर त्या कधी जातील असं व्हायचं. मग एके दिवशी ती बोटं मला येत नसलेलं काहीतरी वाजवू लागली. संथ, एकाच जागी घुटमळणारं. मी फक्त तारा छेडत होते आणि ते कुठे जातंय हे ऐकत होते. मला भीती वाटली नाही. आज वाटते ती याचीच, की तेव्हा वाटली नाही.

एका संध्याकाळी मी दळण घेऊन गावात गिरणीवर गेले होते. गिरणीच्या घरघरीत रांगेत उभी असताना डावा हात एकाएकी ताठ झाला. त्या दोन बोटांच्या टोकांना तार रुतली. सुटली. पुन्हा रुतली. हातात दळणाच्या डब्याशिवाय काही नव्हतं. घरी आले तर आई अंगणात उभी. चूल विझलेली.

"तू आत्ता येतीस?" तिनं विचारलं.

"व्हय. का?"

"मग आत कोण वाजवत हुतं?"

आम्ही दोघी आत गेलो. गिटार भिंतीशी होती तशी होती. आईनं आजोबांची घोंगडी काढली आणि तिच्यावर टाकली, एखादं जनावर झाकावं तशी, लांबूनच.

तात्या आले. आईनं सांगितलं. ते घोंगडीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "कालव्यात टाकून येतो."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "तात्या, मला तिच्यासंगं ऱ्हावंसं वाटतंय. हितंच बसून. दुसरं कायच करू वाटंना. टाकून दिली तर मी तिच्या मागं कालव्यात जाईन."

तात्या ओट्यावर बसले. बराच वेळ त्यांनी गुडघ्यावर ताल धरल्यासारखी बोटं हलवली. "मग ती उलटी करू," ते म्हणाले. "आपण सांगितली हुती तशी."

मला ते नको होतं. हे कबूल करायला हवं, कारण नंतर लोक माझ्या धीराचं कौतुक करायचे. धीर तात्यांचा होता. मी त्या रात्री झोपले नाही आणि सकाळी त्यांच्यामागून एसटीत चढले, एवढंच.

मुकुंदरावांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. मला म्हणाले, "ताई, तारा उलटवल्या तर ती बोटं परत यायची न्हाईत."

"ठाव हाय."

"दुखंल."

तात्या काही बोलणार होते. मी त्यांच्या आधी म्हणाले, "दुखू द्या. काढा तारा."

त्यांनी एकेक खुंटी सैल केली. प्रत्येक तार उतरताना तिचा सूर खाली खाली गेला आणि शेवटी नुसती थरथर राहिली. मी डावा हात मांडीवर पालथा ठेवून डोळे मिटले होते. बोटांखाली ओढणीचं कापड लागत होतं, पाचही बोटांखाली. मग चारांखाली. मग तिनांखाली. कडबाकुट्टीपाशी जी वेदना झाली नव्हती ती त्या शेडमध्ये झाली, आणि मी ओरडले तशी तारा चढवून लटकवलेल्या सगळ्या गिटारींमधून एक बारीक गुणगुण निघाली. ओरडल्यावर तारा गुणगुणतातच, त्यात काही नवल नाही. पण ती थांबायला फार वेळ लागला.

ती गिटार माझ्या अपेक्षेला उतरली का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. तिचा घाट सरळ हातासाठी केलेला, त्यामुळे उलटी धरली की आवाजाचं बटण नेमकं कोपराखाली येतं आणि रंगात आलं की धक्का लागून आवाज पडतो. वायरची खोबण वर येते. मी तिच्यावर पहिल्यापासून शिकले. दुसऱ्या वर्षी विलासदादांच्या मागच्या रांगेत उभी राहिले, पुढे लोणी भापकरपासून शेळगावपर्यंत कितीतरी गावांत वाजवलं, लग्नानंतर शिकवण्या घेतल्या. चांगली वाजवणारी मी झाले, पहिल्यासारखी कधीच नाही. हाताला ठणका नाही. डोळे मिटले तरी तीनच बोटं आहेत. मुकुंदरावांकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. माणूस खोटं माप घेत नव्हता, एवढंच मला म्हणता येतं. जे होतं त्याचं त्यानं माप घेतलं. ते असायला नको होतं, याला तो काय करणार?

गिटार उलटी करून आणली तो दिवस हंगामाच्या अगदी शेवटाचा. आमचा ऊस सगळा तुटला होता आणि चारी बाजूंना काही नव्हतं. मी ओट्यावर बसले. उजव्या हाताची कोवळी बोटं तारांवर ठेवली. दाबली की घसरायची, सूर फाटायचा, एक बरोबर आला की पुढचे तीन चुकायचे. थोड्याच वेळात टोकं लाल झाली, एकावरचं कातडं निघालं. हे मला येणार नाही, असं म्हणून मी ती ठेवणार, तेवढ्यात आई गोठ्याकडून येऊन शेजारी बसली. पदरानं हात पुसत ती ते वेडंवाकडं वाजणं बराच वेळ ऐकत राहिली.

"आता तूच वाजवतीयास," ती म्हणाली.

तिच्या आवाजात समाधान होतं की दुःख, ते मला कळलं नाही. मी पुढची तार दाबली.